एक जानेवारीच्या दोन मुली

अब्दिरहमानच्या दोन्ही मुलींचा वाढदिवस कागदावर एक जानेवारीला येत होता, आणि नेमकी तीच गोष्ट त्याच्या अंगलट आली होती.

इमिग्रेशन ऑफिसचं तीन पानी पत्र १२ जानेवारी १९९८ चं होतं. अब्दिरहमानने ते चार दिवस कोटाच्या आतल्या खिशात बाळगलं. मंगळवारी सकाळी उणे अठरा तापमानात तो चालवत असलेली पिवळी स्कूलबस मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत नेहमीच्या वळणावर थांबली, सहावीतली मैत्री वर चढली, आणि तिला सोडायला आलेल्या तिच्या आजोबांपुढे, खोब्रागडे गुरुजींपुढे, त्याने ते धरलं.

"मास्टरजी, मैं लुट गया. मैं बरबाद हो गया."

त्याचं हिंदी सगळं सोमालियात, मोगादिशूच्या थिएटरांत लागणाऱ्या हिंदी सिनेमांतून आलेलं होतं. त्यामुळे साधी थंडी वाजते हेदेखील तो नायकाची आई वारल्यासारखं सांगायचा. ज्ञानदेव खोब्रागडे गुरुजींना याची चार महिन्यांत सवय झाली होती.

"आधी मुलांना शाळेत पोचव," गुरुजी म्हणाले. "बरबाद नंतर हो. साडेदहाला लायब्ररीत ये."

गुरुजी भंडारा जिल्ह्यातले. पवनीजवळच्या एका खेड्यात त्यांनी अडतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली बावीस पहिलीच्या वर्गावर. बायको गेल्यावर मुलगी प्रणिता त्यांना इकडे घेऊन आली. ती एका विमा कंपनीत कंप्युटरवर काम करायची. दोन हजार साल उजाडलं की जुने प्रोग्रॅम गोंधळणार, म्हणून दिवसभर तारखाच तपासायची. वडिलांच्या ग्रीन कार्डचा अर्ज तिने नोव्हेंबरात भरला होता.

लायब्ररीत गुरुजींनी पत्र पहिल्यांदा झरझर वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं.

मामला असा होता. अब्दिरहमान मोगादिशूच्या बंदरावर कारकून होता. १९९१ च्या जानेवारीत सोमालियाचा राष्ट्राध्यक्ष राजधानी सोडून पळाला. त्यानंतर टोळ्यांनी शहर वाटून घेतलं आणि सरकार नावाची वस्तूच उरली नाही. वॉशिंग्टनमधला सोमाली दूतावास बंद पडला, सोमाली पासपोर्टला कुणी विचारेना. १९९३ मध्ये तो बायको होदान आणि दोन मुलींना घेऊन केनियातल्या छावणीत पोचला, तिथून एकटा अमेरिकेत आला, आणि त्याला आश्रय मिळाला. आता बायकोला आणि मुलींना आणायचा अर्ज होता. पण मुली त्याच्याच, हे दाखवायला जन्माचा दाखला हवा. आणि तो देऊ शकेल असं सरकार पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं.

पत्रात म्हटलं होतं: दोन्ही मुलींची जन्मतारीख एक जानेवारी दिलेली आहे. वडिलांची स्वतःचीही एक जानेवारीच. हे संशयास्पद आहे. शिवाय नैरोबीतल्या मुलाखतीत आईला मुलींच्या जन्मतारखा सांगता आल्या नाहीत. कुटुंब बनावट असावं असं दिसतं. तीस दिवसांत उत्तर न आल्यास अर्ज फेटाळला जाईल.

गुरुजी चष्मा काढून हसायला लागले. लायब्ररीतल्या बाईंनी वर पाहिलं.

"मास्टरजी, आप हँस रहे हैं?" अब्दिरहमानचा चेहरा पडला.

"तुझ्यावर नाही रे. या तारखा कुणी दिल्या?"

"छावणीतल्या क्लार्कने. त्याने साल विचारलं. तारीख त्यानेच भरली. सगळ्यांना एक जानेवारी. आमच्या रांगेत ऐंशी लोक होते, ऐंशी जण एकाच दिवशी जन्मले."

"माझ्याकडे सहाशे आहेत," गुरुजी म्हणाले.

आणि होतेच. जूनमध्ये शाळा उघडली की आया पोरांना घेऊन यायच्या. सरकारी नियमाने पोर सहा वर्षांचं हवं. जन्माची नोंद कुणाकडे असायची? गुरुजी विचारायचे, "कधीचा गं हा?" आई म्हणायची, "दीक्षेच्या साली पोटात होता, गुरुजी. धान मळणीला झाला." नागपूरला बाबासाहेबांच्या दीक्षेला गेलेली बाई तो दिवस कशी विसरेल? ऑक्टोबर छप्पन, म्हणजे पोर डिसेंबरातलं. दुसरी म्हणायची, "वैनगंगेचं पाणी मारुतीच्या पायरीला लागलं होतं." गुरुजी मान डोलवायचे आणि रजिस्टरात लिहायचे: एक जून. वर्ग भरला पाहिजे, पोर शाळेत बसलं पाहिजे. आज पवनीकडच्या अर्ध्या सरकारी नोकरांचा वाढदिवस एक जूनला असतो आणि एकतीस मेला ते घोळक्याने रिटायर होतात.

गुरुजींनी पत्राचं दुसरं पान काढलं. तिथे होदानच्या मुलाखतीचा चार ओळींचा उल्लेख होता. त्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"हा परिच्छेद तू वाचलास?"

"नहीं. 'फ्रॉड' शब्द आला तिथे मी थांबलो. तो एकच इंग्रजी शब्द पुरे झाला."

"चांगलं केलंस. आता सांग, धाकटी कधी झाली?"

"एक जानेवारी त्र्याण्णव."

"कागद नको सांगू. पोर कधी झालं?"

अब्दिरहमानने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जब फौजी समुंदर से निकले. अमेरिकन फौजी. अंधारात पाण्यातून चालत वर आले, तोंडं काळी रंगवलेली, आणि किनाऱ्यावर टीव्हीवाले आधीच मोठे दिवे लावून उभे होते. अख्खं शहर हसत होतं, मास्टरजी. लपून आले आणि वरात निघाल्यासारखे पकडले गेले. त्याच्या तीन रात्रींनंतर, पहाटेच्या आधी, इदिल झाली."

"आणि थोरली?"

"प्रेसिडेंट शनिवारी रात्री पळाला. सागल पुढच्या जुम्म्याला, बांग चालू असताना."

गुरुजींनी तळहात उचलला. खाली छापलेलं होतं: 'जन्मतारीख विचारली असता बाईंनी असंबद्ध उत्तरं दिली. थोरलीबाबत, राष्ट्राध्यक्ष पळाल्यानंतरचा शुक्रवार. धाकटीबाबत, सैनिक समुद्रातून चालत आले आणि दिवे घेऊन लोक त्यांची वाट पाहत होते, त्यानंतर तीन रात्रींनी. तारीख सांगण्यास असमर्थ.'

"असमर्थ!" गुरुजी एवढ्या जोरात म्हणाले की लायब्ररीतल्या बाई उठूनच आल्या. त्यांनी त्या बाईंनाच कामाला लावलं. १९९२ च्या डिसेंबरची वर्तमानपत्रं छोट्या फिल्मवर होती, ती यंत्राच्या पडद्यावर सरकू लागली. नऊ डिसेंबर, बुधवार, पहिलं पान. वाळूवर पालथे पडलेले मरीन्स, आणि त्यांच्यावर रोखलेले कॅमेऱ्यांचे झोत.

नऊ अधिक तीन, बारा डिसेंबर. एक्क्याण्णवच्या फिल्मवर राष्ट्राध्यक्षाच्या पलायनाची बातमीही मिळाली. शनिवार, सव्वीस जानेवारी. पुढचा शुक्रवार, एक फेब्रुवारी.

बापाने कागद सांगितला होता, आईने जन्म सांगितला होता, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून ते कुटुंब खोटं ठरत होतं.

गुरुजींच्या मनात मात्र दुसरंच काही टोचत राहिलं. त्या नैरोबीतल्या अधिकाऱ्याला बाईचं म्हणणं कळलं नाही, पण त्याने निदान लिहून तरी ठेवलं. सहाशे आयांनी सांगितलेलं त्यांनी स्वतः कुठेच लिहिलं नव्हतं.

---

अब्दिरहमानची वकील मिस ओल्सन, फुकट मदत देणाऱ्या एका संस्थेतली, सत्तावीस वर्षांची आणि सदा घाईत. तिला गुरुजींचं म्हणणं पाच मिनिटांत पटलं. तिने समक्ष सुनावणी मागून घेतली. मिळाली मंगळवार, दहा फेब्रुवारीची. मुदत संपायला एक दिवस बाकी.

"तुम्ही साक्षीला याल?" तिने विचारलं. "शपथेवर? जिथे जन्मनोंद नसते तिथे तारखा कशा पडतात, एवढंच सांगायचं."

गुरुजी हो म्हणाले, आणि घरी भडका उडाला.

"बाबा, आर यू सीरियस?" प्रणिताच्या हातातला झारा तसाच राहिला. "तुमच्या फाइलवर तुमची बर्थडेट काय आहे?"

"एक जून एकोणीसशे तीस."

"खरी आहे?"

"कुठली खरी? दिघोरीकर मास्तरांनी दिली."

"मग तुम्ही इमिग्रेशनच्या ऑफिसमध्ये जाऊन, इमिग्रेशनच्याच ऑफिसरसमोर, शपथ घेऊन सांगणार की एक जून म्हणजे थापा असतात? हात दाखवून अवलक्षण कशाला? त्याच बिल्डिंगमध्ये तुमचा अर्ज पडलाय. उद्या रिजेक्ट केला तर?"

"तर पवनीला जाईन."

"एकटे? आणि स्वयंपाक कोण करणार? तुम्हाला चहा जमत नाही!"

मैत्री जिन्यावर बसून ऐकत होती. "मॉम, मिस्टर अब्दी इज द नाइसेस्ट ड्रायव्हर," ती म्हणाली. "ही वेट्स फॉर एव्हरीबडी."

"तू मधे बोलू नकोस." प्रणिता पुन्हा वडिलांकडे वळली. "बाबा, मी दिवसभर हेच करते. डेट फील्डमध्ये एक आकडा चुकला की सिस्टम रेकॉर्ड फेकून देते. ती विचारत नाही की तुमच्या गावात काय पद्धत होती."

"म्हणूनच माणसाने जाऊन सांगायचं असतं," गुरुजी म्हणाले. "पोरी, त्याची धाकटी आठ महिन्यांची होती, तेव्हा त्याने तिला शेवटचं पाहिलं. आता पाच वर्षांची आहे. मी तुला आठ दिवस सोडून राहिलो नाही कधी, तू इंजिनियरिंगला गेलीस तोवर."

प्रणिताने झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "आता पंचशील ऐकवू नका."

"नाही ऐकवत. सकाळी म्हटलंय."

मैत्री खुदकन हसली. प्रणिताने गॅस बंद केला. "मंगळवारी मी सुट्टी टाकते," ती म्हणाली. "ड्राइव्ह कोण करणार नाहीतर?"

---

सुनावणीची खोली लहान होती. टेबलापलीकडे इमिग्रेशनच्या अधिकारी मिसेस लिंडक्विस्ट, पन्नाशीच्या, केस कानामागे घट्ट, समोर दोन इंच जाडीची फाइल. त्यांनी गुरुजींना शपथ दिली आणि लगेच विचारलं, "मिस्टर खोब्रागडे, तुम्ही सोमालियात कधी राहिला आहात का?"

"नाही, मॅडम."

"तिथली भाषा येते?"

"नाही."

"मग तुम्ही कशाचे तज्ज्ञ आहात?"

"खोट्या वाढदिवसांचा," गुरुजी त्यांच्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत म्हणाले. "बावीस वर्षांचा अनुभव आहे. सहाशेच्या आसपास वाढदिवस मी स्वतःच्या हाताने दिले."

मिस ओल्सनने डोळे मिटून घेतले. मागच्या खुर्चीवर प्रणिताने पर्सचा बंद हातात आवळला.

गुरुजींनी सगळं सांगितलं. जूनमधली शाळा, सहा वर्षांची अट, दीक्षेचं साल, वैनगंगेचा पूर. मिसेस लिंडक्विस्ट लिहीत राहिल्या. मग पेन थांबलं.

"त्या सहाशेंपैकी कुणी खोटं निघालं का? म्हणजे, आई एकीकडची, पोर दुसरीकडचं?"

"एकही नाही. तारीख माझी होती, मॅडम. पोर तिचंच होतं."

"आणि तुमची स्वतःची जन्मतारीख?"

प्रणिता पुढे सरकली. वकिलीणबाईंनी तोंड उघडलं, पण गुरुजींनीच हात वर केला, वर्गात करायचे तसा.

"कागदावर एक जून एकोणीसशे तीस. आई सांगायची, नागपूरला बाबासाहेबांची परिषद झाली त्या ऑगस्टात, बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी. तेव्हा मी कागदापेक्षा जवळजवळ तीन महिन्यांनी लहान आहे. भारत सरकारने मला तीन महिने आधी घरी बसवलं. मी तक्रार केलेली नाही."

मिसेस लिंडक्विस्टनी पेन खाली ठेवलं. "तुमची फाइल आज माझ्यासमोर नाही," त्या म्हणाल्या. "येईल तेव्हा हेच शपथेवर लिहून द्या. खरं आधी सांगणाऱ्याचं आम्ही ऐकतो." आणि लगेच आवाज बदलला. "पण मिस ओल्सन, अडचण राहतेच. बाईंचं उत्तर आमच्याच पत्रात छापलेलं आहे. ते वाचून नवऱ्याने त्याला जुळेल असं सांगितलं नाही, हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. लायब्ररीत तो परिच्छेद गुरुजींनी तळहाताखाली झाकला होता, पण अब्दिरहमानने तो त्याआधी वाचला नव्हता, हे ते शपथेवर सांगू शकत नव्हते.

मिसेस लिंडक्विस्टनी फाइल उलगडली, मागचं एक हस्तलिखित पान काढलं आणि स्वतःकडे तिरकं धरलं. "नैरोबीची पूर्ण टिपणं माझ्याकडे आहेत. पत्रात सगळी दिलेली नाहीत. मिस्टर अब्दिरहमान, तुम्ही सांगा. बाकी कुणी बोलायचं नाही. धाकटी मुलगी झाली त्या रात्री काय झालं?"

अब्दिरहमानच्या ओठांवर हिंदी आलं. त्याने ते गिळलं, आणि मोडक्या इंग्रजीत, पहिल्यांदाच सिनेमाशिवाय, बोलू लागला.

"सुईण दुसऱ्या बाजूला राहत होती. रस्ता पार करायचा तर दोन्हीकडून गोळ्या. गाडी नाही, पेट्रोल नाही. ती म्हातारी, लठ्ठ, तिचे गुडघे दुखायचे. मी बांधकामावरून एकचाकी हातगाडी आणली, सिमेंटची. तिला त्यात बसवलं. तिने मांडीवर पितळेचं तपेलं धरलं होतं. मी पळत होतो आणि ती माझ्या डोक्यात तपेल्याचं झाकण मारत होती. हळू चालव, हळू चालव, म्हणून." तो थांबला. "मी हळू चालवलं नाही."

मिसेस लिंडक्विस्टनी पान टेबलावर सपाट ठेवलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं: "'बाईंचा दावा, सुईणीला नवऱ्याने एकचाकी हातगाडीतून आणले. सुईण सबंध वाटभर त्याला झाकणाने मारत होती. कथा अविश्वसनीय वाटते.'"

मग त्या अधिकारीबाईंच्या तोंडून एक बारीकसा आवाज फुटला, त्यांनी तो खोकल्यात दडवायचा प्रयत्न केला, आणि ते साधलं नाही. त्या हसल्या. डोळे पुसत त्यांनी ड्रॉवर उघडला.

"असं दोघांना स्वतंत्रपणे रचता येत नाही," त्या म्हणाल्या. "एक फेब्रुवारी एक्क्याण्णव. बारा डिसेंबर ब्याण्णव. तारखा दुरुस्त करते." शिक्का दोनदा उमटला. "अर्ज मंजूर. नैरोबीला आजच कळवते."

अब्दिरहमान उठला आणि पुन्हा बसला. मग त्याने गुरुजींचे दोन्ही हात धरले. "मास्टरजी," तो म्हणाला, आणि इतक्या सिनेमांतून शिकलेल्या माणसाला पुढचा संवाद काही आठवेना.

पार्किंगमध्ये प्रणिताने वडिलांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, गरजेपेक्षा जरा घट्टच.

"सहाशे म्हणे," ती म्हणाली. "बाबा, यू आर इंपॉसिबल." आणि बर्फात उभी राहून हसत सुटली.

---

चौदा मे, गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मिनियापोलिसच्या विमानतळावर ॲमस्टरडॅमहून आलेलं विमान लागलं. गुरुजी, प्रणिता आणि मैत्री अर्धा तास आधीच पोचले होते. अब्दिरहमान सकाळपासून तिथे होता. दाढी केलेली, नवा शर्ट, शर्टाच्या कॉलरला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. मैत्रीने ती हळूच तोडली.

दरवाजातून माणसं येत राहिली. टाय लावलेले, गोल्फच्या पिशव्या घेतलेले, झोपलेली बाळं खांद्यावर टाकलेले. मग हिरव्या ओढणीतली एक उंच बाई आली. तिच्या एका हाताला सात वर्षांची मुलगी, दुसऱ्या हाताला पाच वर्षांची.

अब्दिरहमान हललाच नाही. धाकटीला तो ओळखणार तरी कसा? पण होदानने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, बोट दाखवलं, आणि त्या पोरीने हात सोडला. गुळगुळीत फरशीवरून ती जी सुटली ती थेट बापाच्या गुडघ्यांवर जाऊन आदळली. पाठोपाठ थोरली.

त्याने दोघींना उचललं. एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या खांद्यावर. होदान त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि भर विमानतळावर दोन बोटांनी त्याच्या कानशिलावर एक टिचकी मारली. उशीर केलास, अशा अर्थाची. मग तिने त्याच्या छातीला कपाळ टेकवलं.

प्रणिता रडत होती. मैत्री टाळ्या वाजवत होती. बाजूला उभी असलेली अनोळखी माणसंही, काय झालं ते नीट न कळता, टाळ्या वाजवू लागली.

खांद्यांवर दोन मुली घेऊन अब्दिरहमान चालायला लागला. समोर माणसांची, सामानाच्या गाड्यांची दाटी होती. ज्ञानदेव खोब्रागडे गुरुजी पुढे झाले. त्यांनी दोन्ही हात पसरले, आवाज लावला, शाळेच्या पटांगणात चारशे पोरांना ऐकू जायचा तसा, आणि मिनेसोटाच्या लोकांना सरळ मराठीत सांगितलं:

"बाजूला व्हा! बाजूला! वाट द्या!"

आणि लोक खरोखरच बाजूला झाले.